नंदेश्वर मॅडमचा पास्ता

नंदेश्वर मॅडम माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघत, आधी डब्याकडे. १९९९ साली त्या संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून बदलून गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला, आमच्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवायला आल्या. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या उघड्या डब्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "भात आणि बटाटा. म्हणजे सर, तुम्ही एकच गोष्ट दोनदा खाऊन राहिले." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं. मी तिथे ग्रंथपाल होतो. पुढची दहा वर्षं आमची ओळख डबे आणि पुस्तकं यांच्या पलीकडे फारशी गेली नाही.

त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. मेंदूत रक्तस्राव झाला, गोंदियाच्या दवाखान्यात एक दिवस काढला आणि संपलं. शोकसभेत बहुतेकजण त्यांच्या शिस्तीविषयी बोलले, असं मला कळवलं गेलं. मी तेव्हा नागपूरला होतो. तिथे असतो तरी मला उभं राहून बोलता आलं नसतं. तेव्हा बोलायचं राहिलेलं आता लिहितो आहे.

उंचीनं बेताच्या, चालीनं भराभर. खांद्यावरच्या पिशवीत खडूंच्या डबीशेजारी स्प्रिंगचा छोटा वजनकाटा असे. कुणी बिस्किटांचा पुडा आणला की तो उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचत, मग एक बिस्कीट घेत, किंवा घेत नसत. लग्नाच्या पंगतीत बसल्या की पत्रावळीवर काय कमी आहे ते शेजारच्याला सांगत. लोकांना हे आवडत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी एखाद्याला खोकला झाल्यावर आपण जसं "औषध घेतलं का" म्हणतो, तितक्या सहज त्या "डाळ कुठे आहे" म्हणत.

गणिताचे पटले सर त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसत. पटले सरांच्या घरची मोठी धानाची शेती होती आणि डब्यात तळापासून वरपर्यंत भात हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. एकदा चिडून ते म्हणाले, "मॅडम, हा आमच्या बांधीतला तांदूळ आहे. आमचे पूर्वज माळव्यातून इथे आले ते ह्याच्यासाठी."

"ते चालत आले होते, सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही शाळेत मोटारसायकलनं येता."

स्टाफरूम हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या डब्यातली चमचाभर उकडलेली मटकी पटले सरांच्या झाकणात ठेवली, आणि पटले सरांनी ती खाल्ली.

अकरावीच्या मुलींना त्या दरवर्षी एक काम देत. काल घरात कोण काय जेवलं ते लिहून आणायचं. मुली दूध, फळं, कोशिंबीर असं सगळं लिहून आणत. मॅडम वह्या परत करत आणि शांतपणे सांगत, हे तुमच्या घरचं नाही, हे आपल्या पुस्तकातलं आहे, उद्या फक्त आई काय जेवली तेवढं लिहा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वह्यांत ती ओळ कोरी असे. मग त्या मुलींना आठवडाभर आईच्या शेजारी बसून जेवावं लागे. मुलगी ताटात डोकावते म्हणून दोन आयांनी मुख्याध्यापकांकडे तक्रारही केली होती.

त्यांचे यजमान, तुळशीराम नंदेश्वर, एस.टी.त ड्रायव्हर होते. गोंदियाहून गोरेगाव, कोहमारा करत सौंदडला जाणारी गाडी बहुतेक त्यांच्याकडे असे. सडपातळ, मऊ बोलणारा माणूस. वर्षानुवर्षं खिडकीच्या उन्हात राहून त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा झाला होता. रस्त्यात बैल आडवा आला तर ते हॉर्न देत नसत. गाडी थांबवून खिडकीतून त्याच्याशी बोलत, आणि बैल बाजूला होई. बायकोला ते घरातसुद्धा मॅडमच म्हणत, थोडं थट्टेनं आणि थोडं खरंच.

२००७ च्या सुमारास नंदेश्वरांच्या खात्यातल्या नेहमीच्या तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, साखर खाली आणा. डोळ्यांवर परिणाम होतो आहे असं वाटतं, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. पुन्हा पाहणं म्हणजे काय, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा नापास झालेल्या ड्रायव्हरचं स्टिअरिंग जातं आणि त्याला डेपोत बसून करायचं हलकं काम मिळतं. नंदेश्वर मला एकदा बाजारात भेटले तेव्हा एवढंच बोलले. "सर, आता डेपोच्या फाटकावर बसून दुसऱ्याच्या गाड्या पाहू काय मी?"

मॅडमनी काम हाती घेतलं. नवऱ्याचं स्टिअरिंग राखायचं तर त्याच्या पोटातला भात काढायला हवा, इतकं ते त्यांना सरळ दिसत होतं. घरात भात शिजणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. पण नंदेश्वरांना पोळी जात नसे. पोळी खाल्ली की घरी पाहुणा आल्यासारखं वाटतं, पोट भाताची वाट पाहत बसतं, असं ते म्हणत. दलिया केला तर म्हणाले, "हे गाईले घाल." ज्वारीची भाकर दोन दिवस खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी दात दुखतो म्हणून सांगितलं.

त्याच दिवसांत मॅडमची जुनी विद्यार्थिनी कविता त्यांना भेटायला आली. ती बिरसीला, वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं तिथे, मेसमध्ये स्वयंपाकाला होती. तिथली दिल्ली-मुंबईची मुलं पास्ता मागतात, तो कसा करायचा, हे तिला विचारायचं होतं. सोबत गोंदियातून आणलेलं पाकीट होतं. मॅडमनी ते उलटं केलं, मागचं वाचलं आणि म्हणाल्या, "मैदा. बाकी ह्या आपल्या शेवयाच आहेत." कविता गेली. पाकीट टेबलावर राहिलं. मॅडम बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या असाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयात आल्या आणि अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं ते जाडजूड पुस्तक त्यांनी घरी नेलं. ते त्यांच्या आधी कुणीही नेलेलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार त्यांच्या घरी प्रयोग चालला. शेवयांचं हातानं फिरवायचं यंत्र खाटेच्या कडेला आवळून बसवलं. गव्हाचं पीठ घरी निवडून दळून आणलेलं, न चाळलेलं, कोंड्यासकट. त्यात मूठभर जवसाची पूड. पहिल्या दिवशी सगळं तुटून भुगा झाला, कारण कोंडा पीठ धरू देत नाही. मग त्यांनी कोमट पाण्यात घट्ट मळून, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवून पाहिलं. यंत्राची भोकं मोठी करून घेतली. बोटाच्या पेराएवढे तुकडे कापले आणि सावलीत वाळवले. उकडताना दाताला जरा लागेल इतपतच उकडले. गिळगिळीत झालं की साखर लवकर चढते, असं त्यांचं म्हणणं.

वरचा रस्सा भेदऱ्यांचा. आमच्याकडे टमाटरला भेदरं म्हणतात. हिवाळ्यातली लहान, आंबट भेदरं लसणाबरोबर आटेपर्यंत शिजवायची, त्यात किसलेलं कोहळं म्हणजे लाल भोपळा, गाजर, मुंगण्याची म्हणजे शेवग्याची कोवळी पानं आणि भिजवलेले हरभरे. तेल चमच्यानं मोजून.

मला चवीसाठी बोलावलं होतं. समोर ताट ठेवून मॅडमनी ते घटकाघटकानं समजावलं. न चाळलेल्या गव्हात मैद्याच्या जवळजवळ चौपट तंतू असतो, तो साखरेला रक्तात सावकाश सोडतो आणि पोट भरल्याचं लवकर सांगतो. गव्हाच्या प्रथिनात जे उणं असतं ते हरभरा भरून काढतो. गाजर-कोहळ्यातलं जीवनसत्त्व अ तेलाशिवाय अंगी लागत नाही, म्हणून चमचाभर तेल हवंच. भेदऱ्याच्या आंबटपणामुळे पानांतलं लोह शरीराला घेता येतं. भेदरं शिजलं की त्याचा लाल रंग कच्च्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि तो डोळ्यांनाही बरा. डोळ्यांचं सांगताना त्या किंचित थांबल्या. शेजारी बसलेले नंदेश्वर लक्ष देऊन ऐकत होते. मी खाल्लं. पहिला घास खरखरीत लागला, तिसऱ्यापासून बरं वाटलं.

नंदेश्वरांना ते मनापासून आवडलं. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि उद्या डब्यात दे म्हणाले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मॅडमनी कागद चिकटवला होता. त्यावर एका ताटातलं पीठ किती, हरभरा किती, भाजी किती, आणि त्यातून काय काय मिळतं, हे त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं होतं. नंदेश्वरांचा डबा रोज त्या कागदाप्रमाणे भरला जाऊ लागला. शाळेत मॅडमना त्या महिन्यात मी दोनदा हसताना पाहिलं.

दीड महिन्यानं साखर तपासली. ती खाली आली नव्हती, उलट वाढली होती.

मॅडमनी आधी तपासणाऱ्यांवर संशय घेतला आणि दुसरीकडे तपासून आणलं. तिथेही तेच आलं. मग जवस काढून पाहिला. पीठ कमी केलं. गाजर बंद केलं. मधली सुट्टी झाली की त्या स्टाफरूमकडे न जाता ग्रंथालयात येत आणि ते जाड पुस्तक उघडून बसत. ज्या बाईला जेवणाविषयी कधी शंका पडलेली मी पाहिली नव्हती, ती एकाच पानावर बोट ठेवून अर्धा तास बसे. एकदा त्यांनी मला विचारलं, "सर, पुस्तक जुनं तर नाही ना झालं?" तपासणीला तेव्हा दोन महिने राहिले होते.

त्याच आठवड्यात मला एका नातेवाइकांकडे सौंदडला जायचं होतं. गाडी नंदेश्वरांचीच होती. दुपारी सौंदडला गाडी अर्धा तास थांबते. स्टेशनजवळच्या हॉटेलात मी चहा घ्यायला बसलो, तर नंदेश्वर हात धुऊन आले आणि मला समोर बसवून त्यांनी डबा उघडला. हॉटेलवाल्यानं न विचारता गरम भाताच्या दोन प्लेटा आणून ठेवल्या. नंदेश्वरांनी दोन्ही एकात केल्या, मधे आळं केलं, डब्यातला पास्ता रश्श्यासकट त्यावर ओतला आणि बोटांनी नीट कालवला.

"मॅडमची ही भाजी बेस झाली, सर," ते म्हणाले. "भातावर तर अजूनच. आधी एकच पलेट घेत होतो. घरचा भात बंद झाला, तवापासून दोन घेतो."

त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. डब्यात भात कधी नसायचाच. दुपारपर्यंत तो थंड होऊन कडक होतो, म्हणून बावीस वर्षं मॅडम फक्त भाजी देत आणि गरम भात ते हॉटेलात घेत. हे इतकं जुनं होतं की दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. आमच्या भागात जे लाल आहे, ओलं आहे आणि ज्यात भाजीचे तुकडे आहेत, ते भातावर घ्यायचं असतं. नंदेश्वरांना वेगळं काही सुचणं शक्यच नव्हतं. आणि ह्या ताटाला आणखी कशाची गरज आहे असं कुणाला वाटेल, हे मॅडमना सुचलं नव्हतं.

मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मी मॅडमना सांगितलं. त्यांनी पुस्तकावरचं बोट काढलं नाही.

"किती?"

"दोन प्लेटा."

"दाबून भरलेल्या की सैल?"

मी म्हटलं, तेवढं पाहिलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. त्या म्हणाल्या, "डबा मीच भरते ना, सर. रोज." मग घंटा झाली, त्यांचा तास सुरू झाला, आणि त्या उठल्या नाहीत. दोन मुली त्यांना शोधत दारापर्यंत आल्या आणि त्यांच्याकडे बघून परत गेल्या.

त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही. नंदेश्वरांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. मॅडमनी रजा काढली आणि सकाळी गोरेगावला त्यांच्या गाडीत चढून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. नंदेश्वरांना वाटलं, माहेरी चालल्या असतील. सौंदडला त्या हॉटेलात शिरून त्यांच्यासमोर बसल्या. भात आला. मॅडमनी दोन्ही प्लेटा उचलून हॉटेलवाल्याच्या हातात परत दिल्या. शाळेत कधी न वापरलेली घरची भाषा त्या तिथे बोलल्या.

"हे भाजी नोहे. हे जेवणच हाये."

"मंग भात?"

"भाताच्या जागी हेच."

नंदेश्वर डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग आधी सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं ना. सगळं सांगतलं तुमाले."

"तू जीवनसत्त्व सांगतलं. लोह सांगतलं. भात खाऊ नका, हे त्यात कुठी होतं?"

मॅडमनी झाकणात थोडा पास्ता काढून घेतला आणि दोघांनी तो नुसताच खाल्ला. हॉटेलवाला भात हातात घेऊन उभा होता. गोरेगाव येईपर्यंत पोटात काहीच नाही असं वाटत होतं, असं नंदेश्वर मला म्हणाले, पण त्या दिवसानंतर बाहेर त्यांनी भात घेतला नाही.

दोन महिन्यांत साखर चांगली खाली आली. तपासणीला मॅडम बरोबर गेल्या. साखरेत नंदेश्वर पास झाले, डोळ्यांत नापास. आतल्या पडद्यावर डाग पडले होते. डॉक्टर भला माणूस होता. हे पाच-सहा महिन्यांचं नाही, कित्येक वर्षांचं आहे, कुणी काही केलं असतं तरी हे व्हायचंच होतं, असं त्यानं दोघांना समजावलं. नंदेश्वरांचं स्टिअरिंग गेलं. गोंदियाच्या डेपोत त्यांना फाटकावर बसवलं.

मी मॅडमना डॉक्टरांच्या म्हणण्याची आठवण करून दिली. "असेल," त्या म्हणाल्या. "पण त्यातले चार महिने माझे आहेत."

त्यानंतर त्यांनी कुणाच्या डब्यात बघितलं नाही. मधल्या सुट्टीत त्या खिडकीकडे तोंड करून जेवत. एक दिवस पटले सर आपणहून त्यांच्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी डबा पुढे सरकवला. अर्धाच भात होता. बाजूला पालेभाजी आणि उकडलेले चणे होते. "पहा तरी, मॅडम," ते म्हणाले. मॅडम डब्याकडे न बघता "छान आहे सर" म्हणाल्या. दुपारी पटले सर ग्रंथालयात येऊन बसले आणि काही न वाचता उठून गेले.

वर्षभरात मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नोकरीची तीनेक वर्षं बाकी होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, घरी काम आहे. काम असं होतं, की रोज सकाळी पास्ता नाहीतर दुसरं काही मोजून करायचं, अकराच्या गाडीनं गोंदियाला जायचं आणि डेपोच्या फाटकावर नवऱ्याबरोबर बसून जेवायचं. नंदेश्वर निवृत्त होईपर्यंत हे चाललं.

मॅडम गेल्यावर मी नागपूरहून नंदेश्वरांना भेटायला गेलो. दिसायचं बरंच कमी झालं होतं, पण ते एकटे राहत होते आणि स्वतः रांधत होते. शेवयांचं यंत्र खाटेला लावलेलंच होतं. त्यांनी मला ताट वाढलं. पास्ता मॅडमच्यापेक्षा जाड झाला होता आणि कोहळं जास्त पडलं होतं. मी खात असताना ते फाटकावरच्या दिवसांविषयी बोलत होते. शेवटी शेवटी गाड्यांच्या पाट्या वाचता येईनात. दुपारी मॅडम असत तेव्हा त्या वाचून सांगत. मग ते थोडं हसले.

"मले पाटीची गरज नव्हती, सर. आवाजावरून गाडी समजते. कोणती, कोणाची, कुठं जाऊन राहिली, सगळं. पण मॅडम सांगत होती, तर मी ऐकत होतो."

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते ह्याच्या काही वर्षं आधी, माझ्या निवृत्तीच्या वर्षी. काही कागदांसाठी गोंदियाला गेलो होतो आणि दुपारच्या गाडीनं गोरेगावला परत निघालो होतो. डेपोच्या फाटकापाशी गाडी हळू झाली. बाकावर नंदेश्वर डबा मांडीवर घेऊन जेवत होते. मॅडम बाकाच्या टोकाशी उभ्या होत्या आणि कपाळावर हात आडवा धरून आमच्या गाडीची पाटी वाचत होत्या.

"गोरेगाव," त्या म्हणाल्या. हजेरी घेताना असायचा तसाच स्वच्छ आवाज.

नंदेश्वरांनी हे आत्ताच कळल्यासारखी मान हलवली, डबा बाजूला ठेवला आणि उठून साखळी काढली. मी खिडकीतून हात वर केला. पण मॅडमची नजर तोवर मागून येणाऱ्या गाडीकडे गेली होती, आणि तिची पाटी नीट दिसावी म्हणून त्या एक पाऊल पुढे, रस्त्यावर आल्या होत्या.